पंधरा हजारांत काय काय बसते?

दिवाळीच्या खर्चाची यादी करण्याची आपल्या घरांतून एक ठरलेली रीत आहे. आधी देवाधर्माचे, मग मुलाबाळांचे, मग घरी राबणाऱ्या माणसांचे, आणि उरलेच तर स्वतःचे. या पंक्तीत अलीकडे एक नवा पाहुणा पाट मांडून बसू लागला आहे. त्याचे नाव संगणक. हा पाहुणा एकटा कधीच येत नाही. त्याच्या मागोमाग छपाईयंत्र येते, टॅब्लेट येतो, कानात घालायची कर्णयंत्रासारखी बोंडे येतात, आणि या सर्वांना वीज पाजणाऱ्या तारांचे भेंडोळे येते. घरात एवढे गणगोत उतरले, की यजमानाच्या खिशाचे काय होत असेल, हे मध्यमवर्गीय वाचकाला सांगायला नको.

एके काळी रेडिओ घ्यायचा म्हणजे घरात वर्षभर चर्चा चाले. नुसता विकत घेऊन भागत नसे. त्याच्या परवान्याचे पैसेही पोस्टात भरावे लागत. त्यामुळे ‘आपल्याला तो कशासाठी हवा’ या प्रश्नाचे उत्तर खरेदीच्या आधीच तयार असे. आज वस्तू बोटाच्या एका स्पर्शाने दारात येते, आणि ‘कशासाठी’ हा प्रश्न ती आल्यावर पडतो. थोड्या पैशांत संगणकाची खरेदी कशी करावी, यावर हा लेख आहे. पण त्याचे सारे सार या एका ‘कशासाठी’त आहे.

पुस्तकी उपदेशापेक्षा उदाहरण बरे, म्हणून आमच्याच घरचे देतो. २०२५ सालच्या जून महिन्यात उत्तरपत्रिका तपासल्याचा मोबदला आणि थोडी शिल्लक मिळून पंधरा हजार रुपये हाती होते. घरात २०१९ साली घेतलेला एक लॅपटॉप होता. सुरू होण्यास त्याला चार मिनिटे लागत. तेवढ्या वेळात सौभाग्यवतींचा चहा होऊन कपबशा विसळूनही होत. त्याची बॅटरी तर पंधरा मिनिटांत माना टाकी. हे पंधरा हजार त्या यंत्राच्या कामी लावायचे, एवढेच ठरले होते.

चार माणसे, चार मागण्या

रात्रीच्या जेवणानंतर सभा बसली. थोरली कन्या पदविका अभियांत्रिकीच्या दुसऱ्या वर्षात जाणार होती. ती म्हणाली, “बाबा, वर्गात सगळ्यांकडे नवे लॅपटॉप आहेत. माझा प्रोग्रॅम चालू होईपर्यंत त्यांचा लिहून संपतो. हप्त्यांनी नवाच घेऊ या ना.”

आठवीतल्या चिरंजीवांना चित्रे काढण्यासाठी लेखणीसह टॅब्लेट हवा होता. त्याची किंमत त्यांनी आधीच पाहून ठेवली होती: चौदा हजार नऊशे नव्याण्णव! उरलेला एक रुपया बहीण-भावांत वाटून घ्यावा, अशी उदार सूचनाही त्यांनी केली.

सौभाग्यवती म्हणाल्या, “अहो, घरात छपाईयंत्र हवं. प्रत्येक दाखल्यासाठी, प्रत्येक अर्जासाठी प्रोफेसर कॉलनी चौकापर्यंत जायचं म्हणजे काय?”

माझी मागणी सर्वांत निरस होती. गेली काही वर्षे मी पारनेर आणि अकोले तालुक्यांतल्या म्हाताऱ्या बायकांच्या तोंडून जात्यावरच्या ओव्या ध्वनिमुद्रित करीत आलो आहे. त्यांतल्या कित्येकजणी आज हयात नाहीत. हा साठ तासांचा संग्रह लॅपटॉपच्या जुन्या डिस्कवर होता, बराचसा एका पेन ड्राइव्हवरही होता. आणि ती जुनी डिस्क अधूनमधून घसा खाकरल्यासारखा आवाज करू लागली होती. मला हवी होती एक साधी, काळी, डबीएवढी बाहेरून जोडायची डिस्क. चिरंजीव म्हणाले, “बाबा, तिला स्क्रीनसुद्धा नाही!”

चार मागण्या आणि एकच थैली. अशा वेळी मोठ्या आवाजाच्या माणसाचे ऐकण्याची पद्धत आहे. आम्ही त्याऐवजी एक कागद घेतला. त्यावर वस्तूंची नावे न लिहिता कामांची नावे लिहिली: कोणते काम अडते, आठवड्यातून किती वेळा अडते, आणि ते अडल्याने काय बिघडते. कागद भरला तेव्हा निम्मा वाद आपोआप मिटला.

ओटा आणि कोठी

पहिला प्रश्न, जुना लॅपटॉप खरोखर निकामी झाला आहे काय? संगणक मंद झाला म्हणजे तो म्हातारा झाला, असे आपण समजतो. वस्तुस्थिती निराळी असते, आणि ती समजण्यास स्वयंपाकघराएवढे चांगले उदाहरण नाही.

स्वयंपाकघरात एक कोठी असते आणि एक ओटा असतो. कोठीत वर्षाचे धान्य राहते. ओट्यावर या क्षणी चाललेले काम राहते. संगणकाची डिस्क ही कोठी, आणि रॅम हा ओटा. ओटा अरुंद असेल, तर परात ठेवायला पोळपाट उचलावा लागतो, पोळपाट ठेवायला परात. सुगरण कितीही चपळ असो, तिचा वेळ उचलठेवीतच जातो. आमच्या यंत्राचा ओटा चार गिगाबाइटचा होता. आजच्या कामांना तो अपुरा पडतो. किमान आठ तरी हवेत.

कोठीचेही तसेच. जुन्या पद्धतीच्या हार्ड डिस्कमध्ये खरोखरच एक चकती फिरत असते, लॅपटॉपमध्ये बहुधा मिनिटाला ५,४०० फेऱ्यांनी, आणि एक बारीक दांडी तिच्यावरून माहिती वेचीत हिंडते. एसएसडी नावाच्या नव्या डिस्कमध्ये फिरणारे काहीच नसते. चकती सेकंदाला साधारण शंभर मेगाबाइट वाचते, तर साधी एसएसडी पाचशेच्या आसपास; आणि लहानलहान हजारो फाइली इकडून तिकडून गोळा करायच्या असल्या, तर ही तफावत कितीतरी पटींनी वाढते. संगणक सुरू होताना नेमके हेच काम चालते.

दुसरी गोष्ट अधिक महत्त्वाची. विंडोज १० या प्रणालीचा नेहमीचा मोफत आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपणार, हे तेव्हा जाहीर झालेलेच होते. विंडोज ११ मात्र प्रत्येक जुन्या यंत्रावर चढत नाही. इंटेलचा प्रोसेसर असेल, तर तो साधारणपणे आठव्या पिढीचा किंवा नंतरचा लागतो, शिवाय सुरक्षेची टीपीएम २.० ही सोय लागते. आमचा प्रोसेसर नेमका आठव्या पिढीचा निघाला, आणि कन्येचा चेहरा जरा उजळला. ज्यांचे यंत्र या परीक्षेत नापास होते, त्यांनीही ते लगेच भंगारात काढू नये. लिनक्सच्या मोफत प्रणाली त्यावर सुखाने चालतात. आपल्या सी-डॅकने तयार केलेली ‘बॉस’ ही त्यांतलीच एक. पत्रे, हिशेब आणि वाचन एवढेच काम असेल, तर लिब्रे ऑफिससारखे मोफत साधन पुरून उरते. चोरीचे सॉफ्टवेअर घालून घेण्यात काटकसरही नाही आणि प्रतिष्ठाही नाही.

छपाईचे गणित आणि हप्त्यांची गोडी

छपाईयंत्राचा निकाल सौभाग्यवतींनी स्वतःच, पेन्सिल घेऊन लावला. शाईच्या टाकीचे चांगले यंत्र आम्हाला अकरा हजारांच्या आसपास सांगितले गेले. बाहेर एका पानाला तीन रुपये पडतात. म्हणजे नुसत्या यंत्राच्या किमतीत साडेतीन हजारांहून अधिक पाने बाहेर छापून मिळतात. आमच्या घरची छपाई महिन्याला पंचवीस पानांच्या वर जात नाही. तेव्हा यंत्राचे पैसे वसूल व्हायला बारा वर्षे लागणार, आणि त्यात शाई व कागद धरलेलेच नाहीत! शिवाय असे यंत्र वापराविना पडून राहिले, तर शाई वाळून त्याची तोंडे बुजतात. ज्यांच्या घरी शिकवणी चालते किंवा रोज पन्नास पाने निघतात, त्यांचे गणित अर्थातच निराळे. “मग चौकापर्यंत चालणंच बरं, तेवढीच शतपावली,” असे म्हणून त्यांनी मागणी मागे घेतली.

कन्येच्या हप्त्यांचा प्रश्न नाजूक होता. ‘बिनव्याजी हप्ता’ हे शब्द आजच्या बाजारातील सर्वांत गोड शब्द आहेत. परंतु शून्य टक्के व्याज अशी काही चीजच नसते, हे खुद्द रिझर्व्ह बँकेने २०१३ साली बँकांना सुनावले आहे. व्याज कुठे तरी भरले जातेच. कधी रोखीवरची सूट हप्त्यांत मिळत नाही, कधी प्रक्रियाशुल्क लागते, कधी व्याजाच्या रकमेवर अठरा टक्के जीएसटी बसतो. म्हणून दुकानदाराला एकच प्रश्न विचारावा: “आज सगळे पैसे रोख दिले तर किती घ्याल, आणि हप्त्यांनी शेवटच्या रुपयापर्यंत किती होतील?” या दोन आकड्यांतला फरक म्हणजे व्याज, मग त्याचे नाव काहीही असो.

मी तिला एवढेच म्हणालो, “आधी यंत्राचं औषधपाणी करून पाहू. सहा महिन्यांत तुझं काम अडलं, तर नव्याचा विचार नक्की.” ती गप्प बसली. वर्गात जुने यंत्र उघडताना तिला काय वाटत असेल, याची मला कल्पना होती; हिशेबाच्या कागदावर ही बाब मांडता येत नाही. तरी तिनेच शेवटी “चालेल” म्हटले.

तीन फाइली

आमच्या नगरात, म्हणजे २०२४ पासूनच्या अहिल्यानगरात, या वस्तू मिळण्यास काही अडचण नाही. पुण्याच्या तपकीर गल्लीत किंवा मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर एखादी वस्तू शेदोनशेने स्वस्त मिळतेही, परंतु एस.टी.चे दोन्ही वेळचे भाडे त्यात मिळवावे, आणि वस्तू बिघडली तर पुन्हा तोच प्रवास. मी गावातला एक ओळखीचा दुरुस्तीवाला गाठला. त्याने लॅपटॉपला कान लावला आणि विचारले, “सर, यात काही जपण्यासारखं आहे का? असेल तर आधी ते बाहेर काढा. मग मी हात लावतो.”

म्हणून सर्वांत आधी ती बाहेरची डिस्कच घेतली, आणि त्या रात्री नक्कल करण्यास बसलो. साठ तासांच्या ध्वनिमुद्रणास चाळीस गिगाबाइटसुद्धा लागत नाहीत. निरोगी यंत्राला हे काम तासाभराचेही नव्हे. जुन्या डिस्कने त्याला पहाट केली. चिरंजीव उत्सुकतेने अकरापर्यंत जागले, कन्या शेवटपर्यंत. पहाटे पडद्यावर सूचना आली की, तीन फाइली वाचता येत नाहीत.

दोन पेन ड्राइव्हवर सापडल्या. तिसरी नव्हती. ती पारनेर तालुक्यातल्या एका आजींची होती. भावाच्या वाटेकडे डोळे लावून बसलेल्या सासुरवाशिणीच्या ओव्या, बावीस मिनिटांच्या. आजी २०२१ साली गेल्या. पुन्हा जाऊन गाऊन घेण्याची सोय उरलेली नव्हती. कन्येने तो क्रमांक पुन्हा पुन्हा उघडून पाहिला. मग ती म्हणाली, “बाबा, तुम्ही ज्यांचं मुद्रण करता त्यांच्या घरी एक प्रत देता ना?”

दिली होती. सकाळी आजींच्या नातवाला फोन केला. “आहे की! आई दर पंचमीला लावते,” तो म्हणाला. दहा मिनिटांत बावीस मिनिटांच्या ओव्या मोबाइलवर येऊन दाखल झाल्या. त्या आम्ही चौघांनी बसून ऐकल्या. बाहेरच्या डिस्कला स्क्रीन नसल्याची तक्रार त्यानंतर आमच्या घरात ऐकू आलेली नाही.

पीटर क्रोघ नावाच्या एका अमेरिकन छायाचित्रकाराने सांगितलेला नियम संगणकाच्या जगात प्रसिद्ध आहे: जपण्यासारख्या गोष्टीच्या तीन प्रती असाव्यात, त्या दोन वेगळ्या प्रकारच्या साधनांवर असाव्यात, आणि त्यांतली एक दुसऱ्या ठिकाणी असावी. आमची दुसऱ्या ठिकाणची प्रत पारनेर तालुक्यात, एका शेतकऱ्याच्या खिशातल्या फोनमध्ये निघाली. पेन ड्राइव्ह ही ने-आण करण्याची वस्तू आहे, ठेवणीची नव्हे. वर्षानुवर्षे पडून राहिला तर त्यातली माहिती विरत जाऊ शकते. मोठ्या कामांची गोष्टही निराळी नाही. हेमा राईरकर आणि गी पॉइट्वाँ यांनी गावोगावच्या बायांकडून एक लाखाहून अधिक ओव्या गोळा केल्या. त्या वेळीच संगणकावर चढवल्या गेल्या, म्हणून २०१७ पासून ‘पारी’ या ग्रामीण भारताच्या संग्रहामार्फत त्या जगापुढे येऊ शकल्या. वाचकहो, तुमच्या घरी ओव्या नसतील. पण लग्नाचे फोटो, वडिलांचा आवाज, मुलाचे पहिले बोल असतीलच. पैसे प्रथम त्यांच्यावर खर्च करावेत.

हिशेब

खरेदीचा चोख हिशेब असा झाला. एक टेराबाइटची बाहेरची डिस्क ४,७०० रुपये. पाचशे गिगाबाइटची एसएसडी २,९००. आठ गिगाबाइट रॅम १,७००. मूळचे चार मदरबोर्डवर पक्के होतेच, म्हणजे ओटा बारा गिगाबाइटचा झाला. नवी बॅटरी २,६००. बसवण्याची मजुरी ५००. तारेचा कीबोर्ड आणि माउस मिळून ८५०. वीज गेली तरी घरचे वाय-फाय चालू ठेवणारी छोटी बॅटरीपेटी १,२५०. एकूण १४,५००. उरलेल्या पाचशेंत चिरंजीवांसाठी चित्रकलेची जाड वही आणि पेन्सिली आल्या. टॅब्लेट पुढच्या वर्षीच्या यादीत पहिला लिहिला आहे, त्यांच्याच हस्ताक्षरात.

लॅपटॉप आता वीस सेकंदांत जागा होतो. चहा आपला निवांत होतो. कन्येचे काम सहा महिन्यांत अडले नाही. वर्गातल्या दोघीतिघींनी तिच्याकडून दुरुस्तीवाल्याचा पत्ता मात्र घेतला. कीबोर्डवर मी देवनागरी अक्षरांच्या चिकटपट्ट्या लावल्या आणि इन्स्क्रिप्टचा सराव सुरू केला. त्यात स्वर डाव्या हाताला आणि व्यंजने उजव्या हाताला, अशी सुटसुटीत वाटणी आहे. पंधरा दिवस रोज अर्धा तास दिला, तर हात बसतो. ही सोय विंडोजमध्ये फुकट असते.

वर दिलेले भाव त्या जूनचे आहेत. २०२५च्या उत्तरार्धात कृत्रिम बुद्धिमत्तेच्या अवाढव्य केंद्रांनी मेमरी उचलायला सुरुवात केली आणि रॅम व एसएसडी यांचे भाव जोरात चढले. तेव्हा खरेदीच्या दिवशीचा भाव विचारूनच कागद मांडावा. दुकानात जाण्यापूर्वी आणखी चार गोष्टी ध्यानी ठेवाव्यात. एक, रॅमच्या पिढ्या असतात. डीडीआर ३, ४ आणि ५ यांच्या खाचा वेगवेगळ्या असून एक दुसरीत बसत नाही. दोन, चार्जरवर बीआयएसची नोंदणीखूण पाहावी. तीन, दोन टेराबाइटचा पेन ड्राइव्ह हजार रुपयांत मिळतो असे कोणी म्हटले, तर हसून पुढे जावे. असे खोटे ड्राइव्ह आकडा मोठा दाखवतात आणि भरलेली माहिती गिळून टाकतात. चार, पक्के बिल घ्यावे आणि वस्तूचा क्रमांक त्यावर लिहून घ्यावा. हमी बिलात असते, दुकानदाराच्या हास्यात नसते.

ज्यांची थैली आमच्याहून लहान आहे, त्यांनी क्रम असा लावावा: आधी जपणूक, मग दुरुस्ती, मग सोय, आणि शेवटी हौस. पाच हजारच असतील, तर बाहेरची डिस्क घ्यावी, किंवा जुन्या यंत्रात एसएसडी बसवावी. जपण्यासारखे काही असेल, तर पहिलीच. घरात यंत्रच नसेल, तर कचेऱ्यांतून निघालेले, दुरुस्त करून हमीसह विकले जाणारे लॅपटॉप पाहावेत. त्यांची बॅटरी, बिजागऱ्या आणि प्रोसेसरची पिढी मात्र तपासून घ्यावी.

थोड्या साधनांत काम करणे म्हणजे कमीपणा, असे मुलांना वाटते. त्यांना सी-डॅकची गोष्ट सांगावी. अमेरिकेने महासंगणक देण्यास आडकाठी केली, तेव्हा १९८८ साली पुण्यात ही संस्था निघाली. तीन वर्षांची मुदत आणि तीस कोटी रुपये, एवढ्या भांडवलावर डॉ. विजय भटकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९१ साली ‘परम ८०००’ उभा केला. एकच राक्षसी यंत्र बांधण्याऐवजी त्यांनी अनेक छोटे प्रोसेसर एकत्र जुंपले. आपल्याजवळ काय आहे हे त्यांनी आधी पाहिले. काय नाही याची यादी करीत ते बसले नाहीत.

आमचा तो कामांचा कागद अजून कपाटाच्या दाराला आतून लावलेला आहे. त्याच्या तळाशी कन्येने स्वतःहून एक काम वाढवले आहे: ‘ज्यांच्या ज्यांच्या ओव्या आहेत, त्या सगळ्यांच्या घरी एकेक प्रत पोचवणे.’ त्याच्या पुढ्यातल्या खर्चाच्या रकान्यात तिने शून्य लिहिले आहे. आतापर्यंत सतरा घरे झाली.